पुस्तकं खपत होती, कंपनी बुडत होती: होटन मिफ्लिन हार्कोर्टचं प्रकरण

२१ मे २०१२ रोजी बॉस्टनच्या होटन मिफ्लिन हार्कोर्ट या कंपनीने न्यू यॉर्कच्या दिवाळखोरी न्यायालयात अर्ज दाखल केला. (स्पेलिंग बघून बरेच जण ‘हॉटन’ म्हणतात. खरा उच्चार ‘होटन’.) अमेरिकेतल्या शाळांना पुस्तकं पुरवणाऱ्या तीन बड्या कंपन्यांपैकी ही एक. अर्जात मालमत्ता २.६८ अब्ज डॉलर आणि देणी ३.५४ अब्ज डॉलर दाखवली होती.

त्या दिवशी कंपनीचं काम काही थांबलं नाही. पगार झाले, छापखान्यांची बिलं चुकती होत राहिली, लेखकांच्या रॉयल्टीला धक्का लागला नाही. बड्या धनकोंशी बोलणी आधीच उरकलेली होती, न्यायालयाचा फक्त शिक्का हवा होता. २२ जूनला, म्हणजे बत्तीस दिवसांत, कंपनी दिवाळखोरीतून बाहेर पडली. ३.१ अब्ज डॉलरचं कर्ज तिच्या खातेवहीतून पुसलं गेलं आणि कर्ज देणारेच तिचे मालक झाले.

या घटनेबद्दल बोलताना लोक चटकन म्हणून जातात, टॅब्लेट आले आणि पुस्तकं गेली. तारखा काढून बघितल्या की हे जमत नाही. पहिला आयपॅड दुकानात आला एप्रिल २०१० मध्ये. त्याच्या आधीच्या महिन्यात या कंपनीची एक भलीमोठी कर्ज-पुनर्रचना पार पडलेली होती. २०१२ ची दिवाळखोरी ही दुसरी खेप. मुलं शाळेत जायची थांबली नव्हती, शाळाही पुस्तकं घ्यायच्या थांबल्या नव्हत्या. आजार दुसरीकडे होता. तो समजण्यासाठी आधी हा धंदा आतून कसा चालतो ते बघायला हवं, कारण ज्यांनी या कंपनीवर अब्जावधी लावले त्यांनी नेमकं तेच नीट बघितलं नव्हतं, असं माझं मत आहे.

पैसा कोण देतो, कधी देतो

शालेय पुस्तकाच्या धंद्यात वापरणारा एक, निवडणारा दुसरा आणि पैसे मोजणारा तिसराच. पुस्तक वापरतात मुलं, निवडते शिक्षकांची समिती आणि पैसा येतो सरकारी तिजोरीतून. अमेरिकेत शालेय शिक्षण हा राज्यांचा विषय आहे. साधारण वीस राज्यांत राज्य पातळीवर पुस्तकांची मान्यता यादी तयार होते. याला तिथे ‘अडॉप्शन’ म्हणतात. उरलेल्या राज्यांत प्रत्येक शाळा-जिल्हा आपल्यापुरतं ठरवतो. विक्री प्रतिनिधींच्या भाषेत ती ‘ओपन टेरिटरी’. अडॉप्शनवाल्यांत टेक्सास, कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा ही तीन दांडगी गिऱ्हाइकं. टेक्सासने तर १९१८ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून मुलांना पुस्तकं फुकट पुरवायचं ठरवलं, त्यामुळे तिथे खरेदीचा निर्णय आणि थैली दोन्ही राज्याच्या हातात एकवटली.

या व्यवस्थेची एक खूण सगळ्या जगाला माहीत आहे, फक्त तिच्याकडे कोणी या नजरेने बघत नाही. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींवर जिथून गोळ्या झाडल्या गेल्या ती डॅलसमधली इमारत म्हणजे ‘टेक्सास स्कूल बुक डिपॉझिटरी’. प्रकाशकांची शालेय पुस्तकं साठवून शाळांना पाठवणारी एक खासगी कंपनी तिथे होती. गोळ्या झाडणारा ली हार्वी ऑस्वाल्ड तिथे मागणीपत्रकं बघून पुस्तकं काढून द्यायच्या कामावर होता, आणि सहाव्या मजल्यावर त्याने आडोसा केला तो पुस्तकांच्या खोक्यांचाच. एका राज्याच्या पुस्तकखरेदीसाठी सात मजली इमारत लागत होती, यावरून व्याप कळावा.

तर मान्यता येते ती विषयवार. एखाद्या वर्षी वाचन, दोन वर्षांनी विज्ञान, मग कधीतरी गणित. एकदा एखादी पुस्तकमाला लागली की सहा-आठ वर्षं तीच चालते. ज्याची माला यादीत आली आणि जिल्ह्यांनी उचलली त्याची चांदी. ज्याची हुकली त्याला त्या राज्यात त्या विषयासाठी पुढची अर्धी पिढी वाट बघावी लागते.

आणि ‘माला’ म्हणजे एक पुस्तक असं कोणी समजू नये. प्राथमिक वाचनाची एक माला घेतली तर मुलांची पुस्तकं, सरावपुस्तिका, चाचण्या, भिंतीवरचे तक्ते, वेगवेगळ्या पातळीच्या छोट्या गोष्टींच्या पुस्तिकांचे संच, स्पॅनिश आवृत्ती, आणि या सगळ्याच्या वर शिक्षक आवृत्ती. शिक्षक आवृत्तीचं एक पान समोर आणा. मधोमध मुलांच्या पुस्तकाचं पान लहान करून छापलेलं. त्याच्या चारी बाजूंच्या समासात बारीक टाइपात सूचना: इथे थांबून हा प्रश्न विचारा, उत्तर साधारण असं यावं, मागे पडलेल्या मुलाला असं समजवा, घरी इंग्रजी न बोलणाऱ्या मुलाला तसं. आणि कोपऱ्यात एक आकडे-अक्षरांचा संकेत, राज्याच्या अभ्यासक्रमातल्या कोणत्या मुद्द्याला हे पान उत्तर देतं त्याचा. अख्ख्या पानात धंद्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा मजकूर तो संकेत. निवड समितीतले लोक मुद्द्यांचा तक्ता हातात घेऊन बसतात आणि प्रत्येक मुद्दा पुस्तकात कुठे आलाय त्यावर खुणा करतात. संध्याकाळ झाली, खोकी अजून उघडायची राहिली, की मग अंगठ्याने पानं फर्रकन सोडून रंगसंगती बघूनच मत बनतं. प्रकाशकांना हे ठाऊक असतं, म्हणून शालेय पुस्तकं इतकी चकचकीत आणि इतकी जाडजूड.

हे सगळं उभं करायला दोन-चार वर्षं लागतात. संपादक, चित्रकार, विषयतज्ज्ञ, परवानगीचे पैसे, मग समित्यांना फुकट वाटायचे नमुने, मग मोठ्या मागणीबरोबर पुढची काही वर्षं सरावपुस्तिका मोफत द्यायचं आश्वासन. पहिली ऑर्डर हातात पडण्याआधी कोट्यवधी डॉलर खर्च होऊन बसलेले असतात. त्यानंतरची छपाई त्या मानाने स्वस्त. म्हणून ज्या वर्षी यश येतं त्या वर्षीचा नफा डोळे दिपवणारा असतो. शाळा ऑगस्ट-सप्टेंबरात उघडतात, त्यामुळे माल आणि पैसा उन्हाळ्यात हलतो. जानेवारी ते मार्च नुसता खर्च. म्हणजे वर्षात एकच सुगी, आणि मोठी सुगी तर काही वर्षांतून एकदा. तीही दुसऱ्याच्या, म्हणजे विधिमंडळाच्या, मर्जीवर.

कर्जाचं व्याज मात्र दर तिमाहीला भरावं लागतं. माझ्या मते सगळं प्रकरण या दोन कॅलेंडरांच्या झगड्यात आहे.

दीडशे वर्षं झटपट

कंपनीची मुळं १८३२ पर्यंत जातात. त्या वर्षी विल्यम टिकनरने भागीदारीत बॉस्टनचं ‘ओल्ड कॉर्नर बुकस्टोअर’ हे दुकान घेतलं. त्यातून पुढे टिकनर अँड फील्ड्स ही पेढी झाली आणि इमर्सन, हॉथॉर्न, लाँगफेलो, थोरो ही मंडळी तिची लेखक होती. हेन्री होटन हा मुळात मुद्रक. १८५२ मध्ये त्याने चार्ल्स नदीच्या काठी केंब्रिजला रिव्हरसाइड प्रेस काढला. टिकनरच्या पेढीची पुस्तकं आणि होटनचा छापखाना अखेर एकत्र आले आणि १८८० मध्ये जॉर्ज मिफ्लिनसह ‘होटन, मिफ्लिन अँड कंपनी’ अशी पाटी लागली.

शालेय विभाग दोनच वर्षांत निघाला. त्यामागचा हिशोब साधा होता. थोरामोठ्या लेखकांचे हक्क हाताशी होतेच, ते स्वस्त पुस्तिकांतून वर्गात नेले. नवीन लिहून घ्यायची गरजच नव्हती. १९१६ मध्ये लुइस टर्मनचं बुद्धिमापनावरचं पुस्तक, म्हणजे स्टॅनफर्ड-बिने चाचणी, याच कंपनीने काढलं, आणि तेव्हापासून चाचण्या हा तिचा दुसरा पाय झाला. साहित्याचं अंगही जोरात होतं. टॉल्किनच्या पुस्तकांची अमेरिकन आवृत्ती आणि रेचल कार्सनचं ‘सायलेंट स्प्रिंग’ यांच्याकडचीच. १९६७ मध्ये शेअर बाजारात नोंद झाली.

१९७८ चा प्रसंग थांबून बघण्यासारखा आहे. वेस्टर्न पॅसिफिक इंडस्ट्रीज नावाच्या, मूळ रेल्वेवाल्या समूहाने होटनचे शेअर गोळा करायला सुरुवात केली. कंपनी गिळली जाणार अशी हवा झाली. तेव्हा अर्थतज्ज्ञ गॅलब्रेथ, इतिहासकार श्लेसिंजर यांच्यासारखे कंपनीचे लेखक उघड विरोधात उतरले. लेखकच निघून गेले तर विकत काय घेणार, हा सवाल होता. समूहाने माघार घेतली. पुस्तकाच्या कंपनीचं भांडवल यंत्रांत नसतं हे त्या वेळी सगळ्यांना लख्ख दिसलं होतं. पुढे वीस-पंचवीस वर्षांत ते कसं नजरेआड झालं, हाही या प्रकरणाचा भाग आहे.

नव्वदच्या दशकात कंपनी स्वतःच खरेदीला निघाली. १९९४ मध्ये मॅक्डूगल लिटेल, १९९५ मध्ये रेथिऑनकडून ४५.५ कोटी डॉलरला डी. सी. हीथ. (रेथिऑन म्हणजे क्षेपणास्त्रं बनवणारी. तिच्या पदरात शालेय प्रकाशन कसं आलं, तर त्या काळी कोणालाही काहीही विकत घ्यायची हौस होती.) यात फारसं वावगं काही झालं नाही. कंपनीची मालकी बाजारातल्या भागधारकांकडे होती आणि एखादं वर्ष वाईट गेलं तर लाभांश कमी, इतकाच फटका.

हार्कोर्ट: हाच सिनेमा आधी एकदा लागला होता

नावातला तिसरा शब्द २००७ मध्ये आला, पण त्याची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण नंतर जे झालं त्याची रंगीत तालीम तिथे झाली होती.

१९१९ मध्ये आल्फ्रेड हार्कोर्ट आणि डोनाल्ड ब्रेस हेन्री होल्ट या प्रकाशनसंस्थेची नोकरी सोडून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची कंपनी काढली. पुढे विल्यम जोवानोविच तिचे सर्वेसर्वा झाले, नाव ‘हार्कोर्ट ब्रेस जोवानोविच’ झालं. माणूस मोठा विलक्षण. १९७६ मध्ये त्यांनी चक्क सी वर्ल्ड, म्हणजे डॉल्फिनचे खेळ दाखवणारी उद्यानं, विकत घेतली. १९८६ मध्ये सीबीएस या दूरचित्रवाणी कंपनीकडून ५० कोटी डॉलरला होल्टचा शालेय धंदा घेतला. संस्थापक ज्या घरातून बाहेर पडले होते, ते घरच सत्तर वर्षांनी विकत घेतलं.

१९८७ मध्ये रॉबर्ट मॅक्सवेल या ब्रिटिश धनाढ्याने कंपनीसाठी सुमारे १.७ अब्ज डॉलरची बोली लावली. जोवानोविच यांना तो माणूस डोळ्यांसमोर नको होता. त्यांनी काय केलं, तर कंपनीवर जवळपास तीन अब्ज डॉलरचं कर्ज चढवलं आणि भागधारकांना शेअरमागे ४० डॉलरचा खास लाभांश वाटून टाकला. कंपनी इतकी कर्जबाजारी झाली की मॅक्सवेलला तिच्यात राम उरला नाही. घर वाचवण्यासाठी घरालाच आग लावण्यासारखं हे. मॅक्सवेल गेला, कर्ज राहिलं. १९८९ मध्ये उद्यानं १.१ अब्जांना अनहायझर-बुश या बिअरवाल्यांना विकावी लागली. तरी भागलं नाही. १९९१ मध्ये जनरल सिनेमा या चित्रपटगृहांच्या कंपनीने हार्कोर्ट घेतली तेव्हा रोखेधारकांना आपल्या पैशावर बरंच पाणी सोडावं लागलं.

यात पुस्तकं वाईट नव्हती. धंदाही नफ्यात होता. फक्त त्या धंद्याला झेपेल त्याहून व्याज जास्त होतं, आणि जो पैसा नवीन माला तयार करण्यात जायला हवा तो बँकांकडे जात होता. हे सगळं तेव्हाच्या वर्तमानपत्रांत छापून आलेलं आहे. पुढे २००७ मध्ये जे बसले होते त्यांनी ती कात्रणं काढून बघायला हरकत नव्हती.

२००१ मध्ये अँग्लो-डच कंपनी रीड एल्सेव्हियरने हार्कोर्ट घेतली. त्यांना खरी हवी होती ती हार्कोर्टची शास्त्रीय आणि वैद्यकीय प्रकाशनं: अकॅडमिक प्रेस, मोस्बी, सॉन्डर्स. ती त्यांनी आपल्या पोटात घेतली आणि शालेय विभाग सहा वर्षं सांभाळून विकायला काढला. संशोधन नियतकालिकांची वर्गणी विद्यापीठं दरवर्षी आगाऊ भरतात. शालेय पुस्तकांचा पैसा राज्यं त्यांना जमेल तेव्हा देतात. रीड एल्सेव्हियरने दोन्ही धंदे आतून पाहिले आणि त्यातला कोणता ठेवायचा ते ठरवलं. बाजारात एखादी वस्तू विकायला येते तेव्हा विकणारा काय स्वतःजवळ ठेवतोय ते आधी बघावं.

मालक बदलत गेले

इकडे होटनचंही नशीब फिरलं होतं. २००१ मध्ये फ्रान्सच्या विव्हेंडी या माध्यमसमूहाने ती कर्जासकट सुमारे २.२ अब्ज डॉलरला घेतली. विव्हेंडीचे प्रमुख ज्याँ-मारी मेसिए यांनी खरेदीचा सपाटाच लावला होता. वर्षभरात विव्हेंडीच्याच गळ्याशी आलं, जुलै २००२ मध्ये मेसिए गेले आणि त्या वर्षाअखेर होटन १.६६ अब्जांना विकली गेली. दीड वर्षात अर्ध्या अब्जाहून जास्त तोटा. घेणारे होते थॉमस ली आणि बेन कॅपिटल यांच्यासारखे खासगी इक्विटीवाले. त्यांची पद्धत ठरलेली. थोडे आपले, बाकी कर्ज, आणि ते कर्ज विकत घेतलेल्या कंपनीच्याच नावावर. चार वर्षांनी, २००६ च्या डिसेंबरात, त्यांनी ती विकली तेव्हा कर्जासकट किंमत धरली गेली साधारण ३.४ अब्ज. म्हणजे दुप्पट. चार वर्षांत अमेरिकेतली मुलं काही दुप्पट झाली नव्हती.

घेणारा कोण, तर डब्लिनची रिव्हरडीप. संगणकावरून शिकवायची सॉफ्टवेअर विकणारी, होटनच्या मानाने चिमुकली कंपनी. तिचे प्रमुख बॅरी ओ’कॅलाहन हे आधीचे इन्व्हेस्टमेंट बँकर. रिव्हरडीपच्या झोळीत ‘कार्मेन सॅनडिएगो’ आणि ‘ओरेगन ट्रेल’ हे शैक्षणिक खेळ होते. हे खेळ ज्या लर्निंग कंपनीचे, ती खेळणी बनवणाऱ्या मॅटेलने १९९९ मध्ये साडेतीन अब्जांच्या आसपास किंमत देऊन घेतली होती आणि दीड वर्षाच्या आत हात पोळून एका गुंतवणूक संस्थेला रोख एक डॉलरही न घेता देऊन टाकली होती. तिथून ते रिव्हरडीपकडे आले. शिक्षणाच्या नावावर अब्जांची राख होण्याचं हे ताजं उदाहरण घरातच होतं.

ओ’कॅलाहन यांचा विचार मुळातच चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. छापील माला आणि सॉफ्टवेअर एकत्र विकायचं, विक्री प्रतिनिधींची एकच फौज ठेवायची, दोन-दोन कार्यालयं, गोदामं कमी करायची. दहा वर्षांनी सगळे हेच करत होते. घोटाळा झाला तो वेगाचा आणि उसन्या पैशाचा. होटन घेऊन सात महिने होतात न होतात तोच, जुलै २००७ मध्ये, त्यांनी रीड एल्सेव्हियरकडून हार्कोर्टचा अमेरिकेतला शालेय आणि साहित्यिक विभाग ४ अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं. त्यातले ३.७ अब्ज रोख. (चाचण्या आणि परदेशचा धंदा पिअर्सनने ९५ कोटींना आधीच उचलला होता.) व्यवहार डिसेंबरात पुरा झाला. कॉलेजची पुस्तकं काढणारा विभाग सेंगेज या दुसऱ्या प्रकाशन कंपनीला ७५ कोटींना विकून थोडं ओझं हलकं केलं, तरी डोक्यावर सात अब्जांच्या आसपास कर्ज उरलं.

कागदावर हिशोब मांडून बघा. सात अब्जांवर आठ टक्के धरले तर वर्षाचं व्याज ५६ कोटी डॉलर. नव्या मालांचा खर्च वेगळा, मुद्दल वेगळं. २००८ ते २०१० मध्ये मोठ्या राज्यांत मोठी अडॉप्शन येणार, या आशेवर तेव्हा सगळाच शालेय प्रकाशन व्यवसाय होता. ती वेळेवर आली, होटन-हार्कोर्टच्या माला जिंकल्या आणि दोन कंपन्या एकत्र केल्याची बचत ठरल्याप्रमाणे झाली, तर गाडी कशीबशी ओढली जाणार होती. तीन ‘तर’ आणि एकही चुकायला जागा नाही.

देणाऱ्यांनी दिलं कसं? एक तर २००७ च्या पूर्वार्धात कर्ज फार स्वस्त आणि सैल मिळत होतं. दुसरं म्हणजे शालेय पुस्तकांबद्दल बँकवाल्यांत एक भोळी समजूत होती: मंदी येवो, काही होवो, मुलं शाळेत जाणारच. खरंय, जाणारच. फक्त फाटलेली जुनी पुस्तकं चिकटपट्टी लावून आणखी दोन वर्षं चालतात, हे कोणी विचारात घेतलं नाही. शिक्षकाचा पगार पुढच्या वर्षावर ढकलता येत नाही, बसचं डिझेल ढकलता येत नाही. पुस्तकांची खरेदी ढकलता येते. शाळेच्या अंदाजपत्रकात सगळ्यात आधी कात्री लागते ती इथेच.

दोनदा बुडाली

२००८ च्या शरद ऋतूत बाजार कोसळला. घरांच्या किमती पडल्या, मालमत्ता कर आणि विक्रीकर आटले, राज्यांच्या तिजोऱ्यांना भोकं पडली. नोव्हेंबरात होटनने साहित्य विभागाला नवीन हस्तलिखितं घेणं तात्पुरतं थांबवायला सांगितलं. प्रकाशक पुस्तकंच घेत नाही म्हटल्यावर न्यू यॉर्कच्या प्रकाशन वर्तुळात हाहाकार उडाला. त्या विभागाचा एकूण उलाढालीतला वाटा लहान, वाचणारी रक्कमही लहान. पण घरात पैसा नाही हे चव्हाट्यावर आलं.

जुलै २००९ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून अडॉप्शनची प्रक्रियाच काही वर्षांसाठी स्थगित केली आणि पुस्तकांसाठी राखलेला पैसा जिल्ह्यांना दुसरीकडे वापरायची मुभा दिली. सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एकाने दुकानाकडे पाठ फिरवली. केंद्र सरकारचा मंदी-निवारणाचा निधी शाळांपर्यंत आला, पण त्याचा मोठा भाग शिक्षकांच्या नोकऱ्या वाचवण्यात गेला. तो जायलाच हवा होता.

मार्च २०१० मध्ये पहिली पुनर्रचना झाली. सात अब्जांचं कर्ज तीन अब्जांच्या आसपास आलं, कर्ज देणाऱ्यांनी मालकी घेतली, ६५ कोटींचं नवीन भांडवल आलं आणि जुन्या भागधारकांच्या हाती जवळपास काही राहिलं नाही. त्यात मोठ्या संस्थांबरोबर आयर्लंडमधले हौशी खासगी गुंतवणूकदारही होते. ओ’कॅलाहन २०११ मध्ये प्रमुखपदावरून दूर झाले आणि मायक्रोसॉफ्टमधून लिंडा झेकर आल्या.

चार अब्ज माफ होऊनही दोन वर्षांत पुन्हा न्यायालय का गाठावं लागलं? कारण विक्री आणखी खाली गेली. २०१० ची विक्री दीड अब्ज डॉलरच्या आसपास होती, २०११ ची १.३ अब्जांच्या. टेक्सासने त्या वर्षी तुटीच्या अंदाजपत्रकात नियमच बदलले. जिल्ह्यांना एक ठोक रक्कम दिली आणि ती मान्यताप्राप्त पुस्तकांवरच खर्च करायची अट काढून टाकली. त्या पैशातून लॅपटॉप घेतले तरी चालणार होतं. हा दणका मंदीसारखा तात्पुरता नव्हता. डिजिटलचा खरा शिरकाव इथे होतो, आणि तोही सरकारी नियमाच्या दारातून. तीन अब्जांचं उरलेलं कर्ज २००७ च्या विक्रीच्या मानाने बेताचं वाटलं असतं, २०११ च्या विक्रीपुढे तेही डोईजड झालं.

एकटी हीच बुडाली असं समजू नये. कॅनडाच्या थॉमसन कंपनीने आपला शिक्षण विभाग २००७ मध्येच ७.७५ अब्जांना विकला होता. त्याचं सेंगेज झालं, आणि सेंगेजही जुलै २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेलं. रीड एल्सेव्हियर आणि थॉमसन, दोघंही त्याच वर्षी शिखरावर विकून मोकळे झाले. घेणारे दोन्हीकडे उसन्या पैशाचे.

कर्ज गेल्यावर

न्यायालयातून बाहेर आलेली कंपनी चांगली हलकी झाली होती. नोव्हेंबर २०१३ मध्ये तिचा शेअर १२ डॉलरने बाजारात आला. विकले गेलेले शेअर आधीच्या धनको-मालकांचे, त्यामुळे कंपनीच्या हाती त्यातलं काही पडलं नाही. २०१५ मध्ये स्कॉलॅस्टिकचा शिक्षण-तंत्रज्ञान विभाग ५७.५ कोटींना घेतला, त्यात वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठीचा ‘रीड १८०’ हा कार्यक्रम मिळाला. जॅक लिंच २०१७ मध्ये प्रमुख झाले आणि त्यांनी एकेक फांदी छाटायला घेतली. चाचण्यांचा रिव्हरसाइड विभाग २०१८ मध्ये १४ कोटींना गेला. करोनाच्या वर्षी शेअर काही काळ दोन डॉलरखाली होता आणि ऑक्टोबर २०२० मध्ये सुमारे २२ टक्के माणसं कमी झाली.

२०२१ मध्ये साहित्य विभाग हार्परकॉलिन्सला ३४.९ कोटींना विकला आणि ते पैसे मुख्यतः कर्ज फेडायला वापरले. टॉल्किन, ‘क्युरिअस जॉर्ज’, सगळं गेलं. ज्या कंपनीचा उगम पुस्तकाच्या दुकानात झाला, तिचं नवीन पुस्तक आता कुठल्याही पुस्तकाच्या दुकानात मिळत नाही. भावनेला बाजूला ठेवलं तर निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. पण १९७८ मध्ये ज्यांनी कंपनी वाचवली ते याच विभागाचे लेखक होते.

एप्रिल २०२२ मध्ये व्हेरिटास कॅपिटलने शेअरमागे २१ डॉलर, एकूण २.८ अब्जांच्या आसपास, मोजून कंपनी बाजारातून काढून घेतली. पुन्हा खासगी इक्विटी, आणि पुन्हा खरेदीत कर्जाचा वाटा. पुढच्या वर्षी तिने ओरेगनची एनडब्ल्यूईए ही चाचण्या घेणारी संस्था आपल्यात सामावून घेतली. चाचण्यांचा एक विभाग विकून पाच वर्षं झाली होती, आता दुसरा आत आला. या खेपेला फरक एक दिसतो: एनडब्ल्यूईएच्या चाचण्या शाळा दरवर्षी, दर सत्रात घेतात, त्यामुळे तो पैसा वर्गणीसारखा येतो. रीड एल्सेव्हियरने स्वतःजवळ ठेवला होता तसा.

दरम्यान टेक्सासने आणखी एक पाऊल टाकलं आहे. २०२३ च्या कायद्याने राज्याला स्वतःचं शालेय साहित्य तयार करवून घेता येतं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्य शिक्षण मंडळाने ‘ब्लूबॉनेट’ ही माला आठ विरुद्ध सात मतांनी मंजूर केली. तिच्यातल्या बायबलच्या संदर्भांवरून बराच गदारोळ झाला आणि बातम्या त्याच्याच आल्या. धंद्याच्या दृष्टीने बातमी वेगळी होती. ही माला जिल्ह्यांना मोफत उपलब्ध आहे, आणि ती वापरणाऱ्या जिल्ह्यांना मुलामागे ६० डॉलरपर्यंत जादा पैसे मिळतात. शंभर वर्षं प्रकाशकांकडून पुस्तकं विकत घेणारं गिऱ्हाईक आता स्वतःच त्यांच्या शेजारी दुकान मांडून बसलं आहे.